मधूभाऊंचं अंदाजपत्रक आणि देवाची डावी

बोला — गाभाऱ्यात बसलेल्या देवाचा, आणि खांबाला टेकून आत्ताच पेंगायला लागलेल्या भक्तांचा — जयजयकार!

हां! आता जागे झालात! वासूनाना, पेटी जरा हळू. तुमचा सूर पुढे पळतो आणि मी मागून धापा टाकत येतो, लोकांना वाटतं बुवा म्हातारे झाले. बुवा म्हातारे झालेत, पण ते तुम्ही कशाला वाजवून सांगताय?

मंडळी, ऐका. आज उभं राहायच्या आधी तुमच्या अध्यक्षसाहेबांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. कीर्तनकाराच्या खांद्यावर कुणी हात ठेवला की त्यानं समजावं, एक तर बिदागी कमी होणार, नाही तर काम वाढणार! अध्यक्ष म्हणाले, "बुवा, मंडप वाढवायचाय. पुढच्या अंगानं वीस फूट. अंदाजपत्रक तयार आहे. आख्यानाच्या शेवटी वर्गणीचं जरा गोड शब्दांत सांगा."

म्हटलं, सांगतो! गोड सांगतो, साखर घालून सांगतो! पण अध्यक्षसाहेब, तुमच्या त्या अंदाजपत्रकानं माझ्या डोक्यात एक किडा सोडला. तो आता मी तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात सोडणार आहे. प्रश्न असा — माणसानं घराला एक खोली वाढवायची ठरवली. कागद घेतला, पेन घेतलं. तर त्या अंदाजपत्रकाची पहिली ओळ कशाची?

बोला! लाजू नका!

काय? सिमेंट? बसा खाली. वाळू? तुम्हीही बसा. "ग्रामपंचायतीची परवानगी" — हे कोण बोललं? वा! या माणसानं घर बांधलेलं दिसतंय, आवाजातच थकवा आहे! आणि ते तिकडे, मागे — "नारळ"? गुरवच असणार तुम्ही! तुमचं सगळं नारळापासून सुरू होतं आणि नारळावरच संपतं!

सगळे चुकलात. पहिली ओळ वेगळीच आहे. आणि गंमत अशी की त्या ओळीसमोर रुपये शून्य लिहायचे असतात. फुकट! आणि फुकट आहे म्हणूनच कुणी ती लिहीत नाही! आता तिच्यावर मी एक पद जुळवलंय. पण दोन ओळींतली एकच आत्ता म्हणणार. दुसरी आख्यान संपल्यावर. आधीच सांगितली तर तुम्ही उठून जेवायला जाल, मला माहीत आहे, पलीकडून आमटीतल्या वाटपाचा वास येतोय!

म्हणा माझ्यामागून —

चिरा मोजिला, वाळू मोजिली, मोजिले छप्पर सारे…

पुन्हा! बायका, तुमचा आवाज कुठाय? हां!

आता आख्यान. इथून खाडीपलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथलं पुढच्या वर्षीचं आमंत्रण जाईल. मी पडलो मिरजेकडचा. दर उत्सवाला इथं येऊन येऊन तुमची बोली जेवढी जिभेला लागली तेवढी बोलतो. चुकली तर आत्ता हसू नका, घरी जाऊन हसा.

तर त्या गावात मधुसूदन धुरी नावाचे गृहस्थ. सगळे म्हणतात मधूभाऊ. सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केली. काम काय? अंदाजपत्रकं! सगळा जन्म टेबलावर बसून दुसऱ्याच्या पुलांचे, दुसऱ्याच्या रस्त्यांचे, दुसऱ्याच्या मोऱ्यांचे खर्च मांडले. स्वतःच्या घराला मात्र कधी एक खिळा वाढवला नाही! निवृत्त झाले आणि घरी बोलायलासुद्धा तीच भाषा. चहा हवा असला तर बायकोला म्हणणार, "चहाचा प्रस्ताव आहे." आणि ती शालनवहिनी, ती काय कमी? ती म्हणायची, "मंजुरी नाही. दूध संपलंय!"

आणि घरात तिसरं माणूस — आक्का. मधूभाऊंची थोरली बहीण. लग्न झालं, वर्ष सरायच्या आत नवरा गेला, माहेरी आली, ती इथलीच झाली. मधूभाऊंना अंघोळ घातली ती तिनं, शाळेत ओढत नेलं ती तिनं, त्यांच्या लग्नात सगळ्यांत जास्त भांडली तीही तीच! तोंड असं की खाडीवरचे मासे ऐकून परत फिरावेत. पण आता गुडघे गेले. सगळं अंग धडधाकट, तोंड तर विचारूच नका, फक्त गुडघे गेले.

मग ती बसायची कुठं? पडवीत! घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याला लागून, वर छप्पर आणि तिन्ही बाजूंनी उघडी अशी पडवी. तिथं तिची बाज. मंडळी, ही बाज म्हणजे काय साधीसुधी जागा नव्हती! मासेवाली पाटी उतरवणार ती तिथं. पोस्टमन टेकणार तो तिथं. शाळेतली पोरं जाताना ओरडणार, "आक्काऽऽ, किती वाजले?" आणि ही म्हणणार, "तुझी शाळा भरान उलटान गेली रे मेल्या, धाव!" आणि दुपारची एसटी! तो ड्रायव्हर वळणावर हॉर्न वाजवायचा, पण वळणासाठी नाही, आक्कासाठी! ती हात हलवायची, मग गाडी पुढं जायची. गाडीतले लोक उशीर झाला म्हणून चिडायचे आणि स्वतःही हात हलवायचे!

रात्री मात्र झोपायची तीही तिथंच. थंडीत गोधडी, पावसात झावळ्यांची झडप. हे मधूभाऊंच्या मनाला लागायचं. खरंच लागायचं हो. भाऊ वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाही तर तुम्ही शिव्या द्याल. त्यांना वाटायचं, जिनं आपल्याला वाढवलं ती उघड्यावर झोपते आणि आपण आत पंख्याखाली.

म्हणून एके दिवशी त्यांनी शालनवहिनींना सांगितलं, "आक्कासाठी स्वतंत्र खोलीचा प्रस्ताव आहे."

वहिनी म्हणाल्या, "मंजूर! पण कुठं?"

आणि इथं मधूभाऊंच्या डोळ्यांत जी चमक आली! सगळ्या नोकरीत आली नव्हती! "पडवीलाच भिंती घालू! जोतं आहे. छप्पर आहे. पाया नको, स्लॅब नको. तीन बाजूंना चिऱ्याची भिंत उचलली, एक दार, एक खिडकी — झाली खोली! शालन, निम्मा खर्च वाचतो गं!"

वा! काय हिशोब! बिनचूक! बघा — जोतं होतं, छप्पर होतं, आणि आतमध्ये आक्कासुद्धा आधीच बसलेली होती! फक्त भिंत घालायची बाकी!

हसताय? थांबा. पुढं ऐका.

वहिनींनी विचारलं, "आक्कांना सांगायचं ना?"

मधूभाऊ म्हणाले, "छे! सांगितलं तर ती नको म्हणेल."

आता मला खरं सांगा! या मंडपात किती जण बसलेत, ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल हे वाक्य उच्चारलंय? हात वर करू नका, मी बघत नाही. तुम्ही एकमेकांकडे बघताय तेवढं पुरे! "सांगितलं तर नको म्हणेल." अरे, नको म्हणेल म्हणूनच सांगायचं असतं ना! आणि हो म्हणण्याचा हक्क आहे तसा नको म्हणण्याचा नाही का तिला? पण नाही! आम्हाला तिला चकित करायचं असतं! वास्तुशांतीला तिच्या हातून दिवा लावून घ्यायचा, ती रडणार, आम्ही रडणार, पाहुणे म्हणणार "काय भाऊ आहे!" — मंडळी, त्या शेवटच्या वाक्यासाठी माणूस केवढा खर्च करतो!

असो. ठेकेदार आला. त्यानं पडवी मापली. आक्का बाजेवर बसून बघतेय. तिनं विचारलं, "काय मोजतंस रे?" ठेकेदाराला सांगून ठेवलेलं, बोलायचं नाही. तो म्हणाला, "काय नाय, आक्का, असाच." टेप घेऊन असाच!

आणि त्याच महिन्यात घरात दुसरी एक बातमी. मधूभाऊंच्या मुलाचं, मंगेशचं, लग्न ठरलं. तो पनवेलला नोकरीला. नवी सून येणार. आता आक्काच्या जागी तुम्ही बसा. बाजेवर. मुलाचं लग्न ठरलंय. कुणी तुमच्याभोवती टेप फिरवतंय. विचारलं तर "असाच" म्हणतंय. तुम्ही काय समजाल?

बरोब्बर! तिनंही तेच समजलं! नव्या जोडप्याला खोली हवी, म्हणून माझी पडवी बंद होतेय. आणि मी? मी मागच्या अंगाला, लाकडांच्या शेजारी! पण विचारणार कशी? ती म्हणाली मनाशी, "इचारलंय तर मधूक वायट वाटात."

घ्या! भाऊ सांगत नाही, ती नको म्हणेल म्हणून. बहीण विचारत नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. एका छपराखाली दोघंही दुसऱ्याची काळजी घेताहेत, आणि दोघंही अर्ध्या ताटावरून उठताहेत! वासूनाना, इथं जरा रडका सूर द्या. पुरे! पुरे! अजून कुणी मेलेलं नाही!

इकडे अंदाजपत्रक वाढायला लागलं. कसं वाढतं? एका मंत्रानं! तो मंत्र तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. "एवढं करतोय तर…" म्हणा! "एवढं करतोय तर!"

ठेकेदार म्हणाला, "भाऊ, एवढं करतोय तर शेणाची जमीन कशाला ठेवायची? फरशी घालू." बसली फरशी, कागदावर! शालनवहिनी म्हणाल्या, "एवढं करतोय तर खिडकीला फुलांची जाळी." आली जाळी. मंगेश फोनवरून म्हणाला, "बाबा, एवढं करतोय तर वरती छताला पांढरं सीलिंग करा ना, दिवे लपलेले." लपले दिवे! शेजारी आले, पान खाल्लं, म्हणाले, "मधूभाऊ, एवढं करतोय तर…" — अहो, तुमचं काय जातंय! पण पान खाऊन झालं होतं, सल्ला तर द्यायलाच हवा! निम्मा खर्च वाचणार होता, तो कागदावर दुपटीला गेला. निवृत्तीच्या पैशातून बाजूला काढलेली रक्कम हिशोबातच गटकन संपली!

मधूभाऊंनी कागद घडी करून खिशात घातला. म्हणाले, "शालन, आता हे वरिष्ठांकडेच न्यायला हवं."

वरिष्ठ कोण? गावचा रवळनाथ! कौल लावायचा!

तुम्हाला काय सांगायचं कौल म्हणजे काय? पण मागे चार पाहुणे बसलेत शहरातले, त्यांच्यासाठी. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. सरळ कारभार! देवाकडे "बघू, विचार करू" हा प्रकार नाही!

तिथला गुरव बाबल. त्यानं पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि लावला वरचा सूर. मंडळी, तुम्हीही साथ द्या, "होय म्हाराजा" म्हणायचं!

"बा देवा म्हाराजाऽ!"

होय म्हाराजा!

"ह्यो तुझो लेकरू मधू धुरी आज तुझ्या पायाशी इलो हा म्हाराजाऽ!"

होय म्हाराजा!

"तेका पडवीत खोली बांधूची हा. तुझी मर्जी आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी, म्हाराजाऽ!"

होय म्हाराजा! — आणि टप्! पडली… डावी!

दुसरा कुणी असता तर काय समजला असता? देवाला खोली नको. पण मधूभाऊ अंदाजपत्रकवाले! ते देवळाबाहेर आले आणि वहिनींना म्हणाले, "प्रस्ताव नाकारलेला नाही. त्रुटी काढून परत पाठवलाय!" शाब्बास! "आकडा जास्त झालाय, दुसरं काय? काटछाट करून पुन्हा सादर करू!"

गेले घरी. सीलिंग कापलं. जाळी साधी केली. रंगाचे दोन हात होते, एकच ठेवला. पुढच्या सोमवारी पुन्हा देवळात. "बा देवा म्हाराजाऽ!" होय म्हाराजा! टप्! डावी!

वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही फार चिकटपणा केलात! बहिणीच्या खोलीला एकच हात रंग? देवाला लाज वाटली असेल!" मधूभाऊंना पटलं! पुन्हा सगळं घातलं. सीलिंग परत, दिवे परत, दाराला पितळेची कडी, आणि वर एक ओळ — किरकोळ व अनपेक्षित! देवासमोर नेताना खर्चात "अनपेक्षित" धरणारा हा पहिलाच भक्त! गाऱ्हाणं झालं. होय म्हाराजा! टप्!

डावीऽऽ!

आता मात्र बाबल गुरव भडकला. म्हणाला, "मधूभाऊ, देव म्हणजे काय तुमचो सायब? आकडो बदललो की सही करतलो? देव आकडो बघता काय?"

"मग काय बघतो?"

बाबलनं पाकळ्या गोळा करायला घेतल्या. त्याला ठाऊक होतं हो! त्याला सगळं ठाऊक होतं! पण एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा गुरवाचा धर्म. ओठ असे मिटले की सुपारीसुद्धा आत जाईना.

काय ठाऊक होतं? सांगतो. जवळ सरका. ते पेंगणारे आजोबा, तुम्हीसुद्धा!

मधूभाऊ हट्टाचे. त्यांनी ठरवलं, गुरव रागावला तर रागावो, आपण एकदा सकाळी एकटेच जाऊन देवाला सरळ विचारू, नक्की कुठल्या बाबीवर हरकत आहे. उजाडल्या उजाडल्या निघाले. देवळापाशी येतात तो बाहेर रिक्षा उभी! आणि पायरीखाली चपला. एका चपलेचा अंगठा हिरव्या नाडीनं बांधलेला.

आक्काच्या चपला!

जी पडवीतून परसापर्यंत जायला भिंत धरते, ती इथं? मधूभाऊ पाय न वाजवता वर गेले. खांबाआड उभे राहिले. बघतात तर आक्का देवासमोर जमिनीवर बसलेली, दोन्ही पाय पुढं लांब केलेले, गुडघे वळत नाहीत ना! पाषाणावर पाकळ्या लागलेल्या. बाबल शेजारी हात जोडून. आणि आक्का स्वतःच गाऱ्हाणं घालतेय. नेहमीचा तो आवाज नाही. बारीक.

"देवा म्हाराजा, तू माझो शब्द राखलंस. मी सांगितलंय, माझी पडवी जाऊ दी नको, आणि तू मधूक दरवेळी डावी दिलंस."

बाबल म्हणाला, "होय म्हाराजा."

बघा मंडळी! एकाच देवाकडे दोन अर्ज! आणि बहिणीचा आधी आलेला! देव करणार काय? शब्द देऊन बसला होता तो!

"पण देवा, आता पुरे. मधूच्या झिलाचा, मंगेशचा लगीन ठरला हा. सून येतली. तिका खोली होयी. माझ्या मधूचो जीव खालीवर होता, सारखो कागद घेवन बसता, जेवणात लक्ष नाय. मी तेचा वायट कित्याक करू? माझो शब्द मी सोडलंय. तू आज तेका उजवी दी."

"होय म्हाराजा…"

"फक्त एक कर. भिंत घालतीत तेव्हा वाटेच्या बाजूक एक चिरो कमी घालूची बुद्धी दी तेंका. एकच चिरो. माका वाट दिसाक होयी रे. माणसां दिसाक होयी."

…

मंडळी, मी हे आख्यान पुष्कळदा सांगितलंय. इथं आलो की मी चिपळ्या खाली ठेवतो. 

त्या माणसानं जन्मभर वीट न् वीट मोजली. आणि त्याची बहीण देवाकडे काय मागतेय, तर एक चिरा कमी! त्याच्या तिन्ही अंदाजपत्रकांत सगळं होतं, तेवढंच नव्हतं.

आणि तेवढ्यात — बघा, बघा — पाषाणावरची उजवी पाकळी हलायला लागली! देव द्यायला निघाला! बहिणीनं शब्द सोडला, आता अडचण कसली? पाकळी सुटतेय, सुटतेय… आणि खांबाआडून मधूभाऊ धावत सुटले! धोतर सावरत! दोन्ही हात वर करून!

"देवाऽ! थांब! उजवी दिऊ नको! नको दिऊ!"

काय सांगू! जो माणूस सोमवारमागून सोमवार उजवीसाठी नाक घासत होता, तो आता ओरडतोय, नको! शुद्ध बोलणं कुठल्या कुठं पळालं! बाबलचे जोडलेले हात सुटले. आक्का दचकली, "कोण मेलो तो?" बाहेर रिक्षावाल्याला वाटलं देवळात साप निघाला, त्यानं गाडी चालू करून ठेवली!

"आक्का! अगो, ती खोली तुझ्यासाठी होती!"

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच! तू उघड्यार झोपतंस म्हणान!"

आक्कानं त्याच्याकडे बघितलं. खालून वर, वरून खाली. आणि मग तिचा तो खरा आवाज परत आला. गाभारा दणाणला. "मेल्याऽ! माझ्यासाठी खोली, आणि माका इचारलंस?"

"तू नको म्हटलं असतंस!"

"होय, म्हटलं असतंय! नको ता नकोच म्हणतलंय! मग?"

मग? मंडळी, या "मग"साठी मधूभाऊंच्या अंदाजपत्रकात कलम नव्हतं. खात्याकडेही नव्हतं!

आणि पाकळ्या? दोन्ही तशाच चिकटून! उजवी हलायची थांबली, डावीही जाग्यावर. बाबल हात जोडून म्हणाला, "देवान दोनय धरून ठेवल्यान. तो सांगता, तुम्ही दोघा आधी बोला, मगे माझ्याकडे येवा!"

मधूभाऊ खाली बसले. आक्कासारखेच पाय लांब करून. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी, पहिल्या ओळीत, शून्य रुपयांत विचारता आला असता.

"आक्का, तुका काय होया?"

 जिच्या तोंडाला मासे घाबरतात ती आक्का पदराच्या टोकाशी चाळा करायला लागली! कारण हे तिला कुणी विचारलंच नव्हतं हो! आक्काला काय आवडतं, आक्का काय खाते, हे विचारलं असेल. पण तुला काय हवंय? तिला उत्तराची सवयच नव्हती.  मग बाबलकडे बघून म्हणाली, "तू जरा भायर जा." बाबल गेला. आणि मग भावाच्या कानात म्हणाली —

"माका संडास होयो. बसाचो. पडवीच्या लगतच. मागच्या दारचे पायरे माझ्यान उतरवनत नाय रे मधू. रात्री मी पाणीच पीत नाय. आणि धरूक एक दांडो."

हसताय? कीर्तनात संडास आला म्हणून हसताय? हसा! पण ज्याचे गुडघे गेलेत त्याला विचारा, वैकुंठ कुठं आहे! तो वर बोट दाखवणार नाही, शेजारच्या दाराकडे दाखवेल! ती बाई उन्हाळ्यातसुद्धा रात्रभर तहानलेली झोपत होती, आणि घरात चर्चा कशावर? लपलेल्या दिव्यांवर!

भाऊ-बहीण दोघं त्याच रिक्षातून घरी आले. मधूभाऊंनी नवा कागद घेतला. पडवीच्या कडेला लहानसा संडास, खुर्चीसारखा बसायचा, आत दोन्ही बाजूंना दांडे, उंबरा नाही. पडवीला भिंत नाही! उलट पडवी पुढं थोडी वाढवायची, आणि आक्काच्या बाजेसमोर एक लांब बाकडं, मासेवालीनं, पोस्टमननं टेकायला. आणि थंडी-पावसाला? वर गुंडाळायचे जाड पडदे, दोरी आक्काच्या हाताशी. पाडायचा की उचलायचा, तिची मर्जी!

शालनवहिनी आनंदानं म्हणाल्या, "अहो, एवढं करतोय तर—"

मधूभाऊ ओरडले, "थांब! आधी आक्काला विचार!"

विचारलं! वहिनींना हवी होती बाकड्याला नक्षी. आक्का म्हणाली, "नको. नक्षीत धूळ बसता, ती पुसतलो कोण? मी?" नक्षी कापली! प्रत्येक बाब तिच्यापुढं नेली, आणि ती अशी कापत गेली की खात्यातला कुठला वरिष्ठ कापणार नाही! शेवटी खर्च पहिल्या अंदाजाच्याही खाली आला, आणि उरलेल्या पैशात मंगेशचं लग्न लागलं.

आणि कौल? सगळे मिळून गेले. आक्काला खुर्चीवर बसवून नेली. बाबलनं पाकळ्या लावल्या, घसा साफ केला, "बा देवा म्हाराजाऽ—" एवढंच म्हणाला, गाऱ्हाणं अजून पुढंच आहे, तोवर टप्!

कुठली?

उजवीऽऽ! देवसुद्धा वाट बघून कंटाळला होता!

आज त्या वळणावर एसटी येते, हॉर्न वाजतो, आक्का हात हलवते. एका हातानं. दुसऱ्या हातात आता पाण्याचा तांब्या असतो, आणि ती तो घटाघटा पिते, हवा तेवढा!

मंडळी, झालं आख्यान. आता ती राहिलेली ओळ —

चिरा मोजिला, वाळू मोजिली, मोजिले छप्पर सारे।
ज्याच्यासाठी घर तू बांधी, त्याला पूस की बा रे!

म्हणा! त्याला पूस की बा रे! वासूनाना, आता पळवा पेटी, पळवा!

पुरे. आता अध्यक्षसाहेब, तुमची वर्गणी. विसरलो नाही. गोड सांगतो म्हटलं होतं. मंडप पुढं वीस फूट वाढवायचाय. छान. कुणासाठी? भक्तांसाठी. अंदाजपत्रक झालंय. पहिली ओळ? बघू नका खिशात, मला माहीत आहे. सिमेंट.

मी मघापासून इथं उभा राहून बघतोय. तुम्हाला पाठीमागचं दिसत नाही, मला दिसतं. मंडपाच्या बाहेर, सगळ्यांत खालच्या पायरीवर, एक आजी बसल्यात. पांढरं पातळ, हातात काठी. आख्यानात आक्का आली तेव्हा त्या एकट्याच हसल्या नाहीत. वळून बघा. होय, त्याच. सुंदराबाई? बरं. सुंदराआजी, मंडप वाढवतायत. तुम्हाला पुढं वीस फूट हवेत का?

काय म्हणता? मोठ्यानं! पेटी बंद!

"मंडप कित्याक, बुवा? मी खयंय बसतंय. ह्या पायऱ्यांक धरूक काय नाय, म्हणान मी वर येवक शकनय नाय. देवाक बघून वर्सां झाली. हयसून तुमचो आवाज येता, त्याच्यावरच घरी जातंय."

…

ऐकलंत?

अध्यक्षसाहेब, उठलात? बसा, बसा, रडायचं काही नाही. एक कठडा. लोखंडी दांडा, खालच्या पायरीपासून उंबऱ्यापर्यंत. मांडा, पहिली ओळ. वीस फुटांचं नंतर बघू, आणि तेही आजींना विचारून! वर्गणीचं ताट फिरतंय, त्यात टाका. आणि टाकलंत की तसंच घरी जाऊ नका. घरी तुमच्याही पडवीत कुणीतरी आहे. त्याच्यापाशी बसा आणि विचारा, तुला काय हवंय? नको म्हणेल. बसून राहा. दुसऱ्यांदा विचारा.

पण त्याआधी, तरण्या पोरांनो, ते तुम्ही चौघं, खांबाला टेकलेले! कठडा व्हायला आठवडा लागेल. आजींना आज आरती बघायचीय की नाही? नको, उचलू नका! आधी विचारा त्यांना!

काय म्हणाल्या?

"उचला"? उचला तर मग! हळू! वासूनाना, धरा सूर. आजी देवासमोर पोचल्याशिवाय आरतीचा पहिला शब्द निघणार नाही!